पाण्याला वाट द्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मराठीनं 'वाट' या एका शब्दाकडून जेवढी कामं करून घेतली आहेत, तेवढी दुसऱ्या कुठल्या शब्दाकडून क्वचितच घेतली असतील. आपण एखाद्याची वाट पाहतो, एखाद्याच्या वाटेला जात नाही, कुणाला वाटेला लावतो आणि एखाद्या गोष्टीची पार वाट लावतो. जमिनीच्या व्यवहारात 'वहिवाट' असते, म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातही वाट आलीच. शब्दांशी असं खेळत बसणं हा माझा जुना छंद. शिक्षण बी.ए.पर्यंतचं, तेही मराठी घेऊन. कविता मराठीतच लिहितो, तरी गाव मला थोड्या कौतुकानं आणि बऱ्याचशा चेष्टेनं 'शायर' म्हणतं. अशा माणसाच्या हातात २०२३ सालच्या जानेवारीत पहार आली आणि सोबतीला गावातली पोरं-पोरी आली. मला आज 'तरुण आणि श्रमदान' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. त्यावर मोघम काही बोलण्यापेक्षा मी आमच्या एका पाखाडीबद्दल बोलतो.

घाटावरच्या श्रोत्यांसाठी सांगायला हवं की कोकणातलं गाव एकवट वसलेलं नसतं. एक वाडी खाली खाडीच्या काठाला, एक मधल्या उतारावर, एक वर सड्याच्या कडेला. त्यांना जोडणारी दगडी, चढ-उताराची, मध्ये मध्ये पायऱ्यांची जी वाट असते ती पाखाडी. दोन्ही बाजूंना बहुधा गडगे, म्हणजे चुना-माती न वापरता नुसते रचलेले दगडी बांध. मोटारीचे रस्ते येण्याआधी आमचं सगळं जगणं या पाखाड्यांवरून चाललं. भाताचे भारे, शेणाच्या पाट्या, गणपती, शिमग्याची पालखी, नवरी आणि जनाजा, सगळं इथूनच गेलं.

आमची पाखाडी खालच्या मोहल्ल्यातून निघते आणि वरच्या वाडीत पोचते. लांबी साधारण साडेसहाशे मीटर. चालायला वीस मिनिटं लागतात, म्हाताऱ्या माणसाला अर्धा तास. वर शाळा आहे, आरोग्य उपकेंद्र आहे. डांबरी रस्त्यानं हेच अंतर चार किलोमीटर. घरोघर मोटारसायकली आल्या तशी पाखाडी ओस पडत गेली. रान वाढलं, गडगे ढासळले, पायऱ्यांचे दगड कुणी कुणी उचलून नेले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण रस्ता होता ना!

पण त्या डांबरी रस्त्याला एका पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, बुटकी फरशी आहे. जोराचा पाऊस झाला की फरशी पाण्याखाली जाते. एरवी दोन-तीन तासांत पाणी ओसरतं. २२ जुलै २०२१ ला ते ओसरलं नाही. त्या दिवशी चिपळूण बुडालं हे तुम्हाला आठवत असेल. महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली तीही त्याच दिवशी. आमच्याकडे तसं मोठं काही झालं नाही. फक्त मोहल्ल्यातल्या एका वृद्ध बाईची साखर एकदम खाली गेली आणि तिला वर उपकेंद्रात न्यायची वेळ आली. चार मुलांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि पाखाडीनं नेलं. वीस मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला. मधल्या खिंडीत वाटच वाहून गेली होती, तिथं त्यांनी खुर्ची डोक्यावर घेतली. बाई वाचली. अजून आहे. पण त्या चार मुलांपैकी दोघांच्या डोक्यातून ती वाट काही गेली नाही. ते दोघं माझ्याकडे वाचनालयात आले आणि म्हणाले, "चाचा, अर्ज लिहून द्या."

अर्ज लिहिणं हे कवीला जमण्यासारखं काम. मी दोन अर्ज लिहिले. उत्तर असं आलं की अंदाजपत्रक करावं लागेल, निधी आला की बघू, आणि करायचीच झाली तर वाट सिमेंटची होईल. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. वर्षभर गेलं, दुसरा पावसाळाही गेला. मग ती मुलं म्हणाली, आपणच करू. मला त्यांनी पुढे केलं याचं कारण माझं कर्तृत्व नव्हे. वाडी आणि मोहल्ला, दोन्हीकडच्या घरांत पुस्तकं पोचवायला मी जात असतो. कुणाच्याही ओटीवर बसून चहा पिऊ शकेल असा माणूस त्यांना हवा होता.

पहिल्या रविवारी एकोणीस जण आले. त्यातले चार जण फोटो काढायला आले होते हे तासाभरात कळलं. तिसऱ्या रविवारी आम्ही सात होतो. श्रमदानाचं नेतृत्व म्हणून जे काही म्हणतात ते मला तिथं शिकायला मिळालं. रविवारी सकाळी सात वाजता, कोण आलं नाही याची चर्चा न करता, जे आलेत त्यांना काम वाटून द्यायचं. सात जणांत जेवढं होईल तेवढंच त्या दिवशीचं काम. चौथ्या रविवारी अकरा झालो आणि पुढे तो आकडा नऊ ते चौदाच्या मध्ये राहिला. अकरावी-बारावीच्या मुली, आयटीआयचा एक मुलगा, एक रिक्षावाला, आखातातल्या व्हिसाची वाट पाहणारे दोघं. पुन्हा 'वाट पाहणं' आलंच बघा.

खरा गुरू मात्र दुसराच होता. वरच्या वाडीत पंचाहत्तरीला आलेले एक गवंडी आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. ते पहिल्या दिवशी येऊन एका दगडावर बसले, तासभर आमची झटापट पाहिली आणि म्हणाले, "काय ओ शायर, दगड कशाला लावताय? आधी पाणी खंयसून येताय ता बघा." आम्हाला वाटत होतं पाखाडी म्हणजे दगडकाम. तात्यांच्या मते पाखाडी म्हणजे पाण्याचं काम, दगड नंतर. त्यांचं वाक्य पोरांनी एका पाटीवरच लिहून ठेवलं, "पाण्याला वाट द्या, नायतर तेच तुमची वाट लावील."

यातलं शास्त्र समजून घ्यायला हवं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उतारावरच्या वाटेवर माणसं चालतात, माती दबते, वाट आजूबाजूपेक्षा खोलगट होते. पावसाचं पाणी सोयीचा उतार शोधतच असतं. ते या खोलगट वाटेत उतरतं आणि तिचा ओढा करतं. आणि उतारावर पाणी जेवढं लांब धावेल तेवढा त्याचा वेग वाढतो. आमच्यातल्या बारावी सायन्सच्या मुलीनं पुस्तक उघडून दाखवलं की वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते आधीच्या चौसष्ट पट वजनाचा दगड ढकलू शकतं. मला आधी ते छापण्यातली चूक वाटलं. पण मधल्या खिंडीत पडलेले, दोघांनाही न हलणारे धोंडे पाहिले की पुस्तक खरं वाटायला लागतं.

म्हणून पाण्याला धावायला लांब अंतर द्यायचंच नाही. दर पंधरा-वीस पावलांवर वाटेत तिरका चर काढायचा, त्याच्या खालच्या अंगाला दगडांची ओळ पक्की गाडायची आणि पाणी बाजूच्या रानात सोडून द्यायचं. चर वाटेला अगदी काटकोनात असला तर पाणी तिथं थांबतं, गाळ टाकतं आणि चर भरतो. तिरका असला तर पाणी स्वतःच गाळ घेऊन बाहेर जातं. दोन चरांमधली वाट दरीच्या अंगाला किंचित कलती ठेवायची. किती? तात्यांचं माप, हातभर रुंदीला बोटभर. त्याहून जास्त केली तर माणूस घसरतो, कमी केली तर पाणी रेंगाळतं. पायऱ्या खालून वर रचत जायच्या. वरच्या पायरीचा दगड खालच्या दगडाच्या पाठीवर थोडा बसला पाहिजे. दगडाचा लांब भाग आत डोंगरात जायला हवा आणि दिसायला हवं फक्त तोंड. नवशिक्या नेमकं उलटं करतो, कारण दगड जास्त दिसला की काम जास्त झाल्यासारखं वाटतं.

आमचा दगड जांभा. त्याची गोष्ट मला कवितेइतकीच आवडते. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश माणसानं केरळात अंगाडिपुरमजवळ हा दगड पाहिला. लोक तो जमिनीतून विटांसारखा कापून काढत होते. म्हणून त्यानं लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला 'लॅटराइट' म्हटलं. १८०७ साली त्याच्या प्रवासवर्णनात ते नाव छापून आलं आणि जगभर रूढ झालं. जांभा जमिनीखाली असतो तेव्हा मऊ असतो, हत्यारानं कापता येतो. बाहेर काढून हवेत ठेवला की त्यातल्या लोहामुळे कडक होत जातो. शिवाय तो सच्छिद्र आणि खरबरीत. पावसात त्यावर पाय धरतो. गुळगुळीत सिमेंटवर आमच्याकडे जुलैपर्यंत शेवाळ चढतं आणि मग त्यावरून चालणं म्हणजे कसरत. मी सिमेंटच्या विरुद्ध आहे असं समजू नका. मोरीखाली आम्हीही दोन गोणी वापरल्या. पण उतारावर सिमेंटचा पट्टा ओतला आणि पाण्याची सोय केली नाही, तर पाणी त्याच्या खाली शिरतं. चार वर्षांनी वर अखंड पट्टा आणि खाली पोकळी, अशा वाटा मी बऱ्याच पाहिल्यात. ढासळलेला जांभ्याचा दगड चार पोरं पुन्हा उचलून बसवू शकतात. तुटलेला सिमेंटचा तुकडा मात्र पुढच्या निधीची वाट पाहत पडून राहतो.

एक चिरा तीस-पस्तीस किलोचा. तो उचलायला आम्ही गोणपाटाची झोळी केली. दोन टोकांना दोघं. जुने पडलेले दगड शोधून काढले तेच शंभरावर भरले. उरलेल्या चिऱ्यांचे पैसे मुंबईतल्या मंडळींनी दिले, मोहल्ल्याच्या निम्मे, वाडीच्या निम्मे. दगड उलटताना एकच कडक नियम होता. पहारीनं दगड पलटी केल्याशिवाय त्याखाली हात घालायचा नाही. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं बसलेलं असतं. वीतभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, पण विषारी. आम्हाला तीन वेळा दिसलं. दर वेळी आम्ही दहा मिनिटं सुट्टी घेतली आणि त्याला जाऊ दिलं.

मुलींची एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या रविवारी कुणीतरी सहज म्हणालं की मुलींनी चहाचं बघावं. बारावीतली ती मुलगी काही बोलली नाही. तिनं कुदळ घेतली आणि अकरा चरांपैकी पाचवा चर कुणालाही हात न लावू देता स्वतः खोदला. दुपारी तिच्या तळहाताला फोड आले होते. त्या दिवसापासून चहा पाळीपाळीनं झाला. माझ्या पाळीचा चहा सगळ्यांत वाईट असतो हे सर्वमान्य आहे.

शिमगा मार्चच्या पहिल्या आठवड्यात होता. पालखी पाखाडीनंच खाली येते, निदान पूर्वी यायची. गेली काही वर्षं ती टेम्पोतून यायची. वाडीतल्या मुलांनी अट घातली की यंदा पालखी खांद्यावरून उतरणार, म्हणजे वरचा अर्धा भाग तोपर्यंत झालाच पाहिजे. तो झाला. पालखी नाचवत खाली आणली तेव्हा तिच्यापुढे वाटेतले काटे बाजूला करत आमचे मोहल्ल्यातले दोघं चालत होते. मोठी घटना म्हणून मी हे सांगत नाही. वाट त्यांनी केली होती, तिच्यात काटा राहिला तर लाज त्यांची जाणार होती, इतकंच. मग २४ मार्चला रमजान सुरू झाला. रोजे धरणारे सहा जण होते. आम्ही वेळ बदलली, फजरची नमाज झाल्यावर साडेसहा ते साडेआठ. उन्हाच्या आत काम संपायचं. ही वेळ सगळ्यांनाच इतकी मानवली की ईदनंतरही तीच राहिली. वाटेतली इजा बाजूला करणं हा सदका, म्हणजे दान, असं आम्हाला लहानपणी मदरशात शिकवलेलं. शाळेत गाडगेबाबांच्या खराट्याचा धडा होता. मला त्या दोन्ही गोष्टी आठवत होत्या, पण मी पोरांना त्या सांगितल्या नाहीत. सकाळी साडेसहाला कुदळ हातात असलेल्या माणसाला उपदेश केलेला आवडत नाही.

आता कुंपणाची गोष्ट. पाखाडीच्या मधल्या भागात एक बाग आहे. ती काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका गृहस्थांनी विकत घेतली. त्यांनी तारेचं कुंपण घातलं ते थेट पाखाडीवरून. त्यांचं म्हणणं साधं होतं. "इथं वाट आहे असं मला कुणी सांगितलं नाही, आणि मी इतक्यांदा आलो, कुणी चालताना दिसलं नाही." यातलं दुसरं वाक्य खोटं नव्हतं, आणि मला जे टोचलं ते तेच. वाटेवरचा हक्क चालण्यानं होतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात म्हटलंय की वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता, हक्क म्हणून वाट वापरली तर तो अधिकार पक्का होतो. त्याच कायद्यात हेही आहे की सलग वीस वर्षं वापर थांबला तर तो हक्क संपू शकतो. म्हणजे आमच्या मोटारसायकली नुसता वेळ वाचवत नव्हत्या, हळूहळू आमची वाटही सोडून देत होत्या.

मुलांपैकी एक-दोघांना तार तोडायची होती. मी त्यांना सांगितलं की तार तोडायची असेल तर मी घरी जातो. आम्ही भूमिअभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढली. या नकाशात पायवाट तुटक रेषेनं दाखवलेली असते. आमची तुटक रेषा होती, त्या बागेच्या मधोमध. अडवलेली वाट मोकळी करून मागण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालयाचा कायदा आहे, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो. आमची ती मुदत कधीच उलटली होती. तेव्हा उरला मार्ग बोलण्याचा. तात्या, मी आणि खुर्ची डोक्यावर घेतलेल्या दोघांपैकी एक, असे तिघं गेलो. नकाशा दाखवला. मग त्या मुलानं २०२१ ची गोष्ट सांगितली. आवाज न चढवता, कुणी कुठं पाय ठेवला, कुठं खुर्ची टेकवली एवढंच. गृहस्थ बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. त्यांनी जागा सोडली नाही, हक्क मान्य केला नाही, पण कुंपणात दोन्हीकडे पाच-पाच फुटांची मोकळी जागा ठेवली आणि म्हणाले, गुरं येणार नाहीत असं काहीतरी करा. आम्ही पायरीसारखा उंबरा केला. माणूस ओलांडतो, गुरं अडतात. कागदावर मात्र हा प्रश्न अजून मिटलेला नाही. म्हणून पोरं आता मुद्दाम तिथून जातात आणि वहीत तारीख लिहून ठेवतात. वही वाचनालयात आहे.

एप्रिल-मेमध्ये काम जवळजवळ बंद पडलं. आंब्याचा मोसम. बागेत रोज मिळतो तेव्हा फुकटचं काम कोण करणार आणि का करावं? श्रमदानावर बोलणारे बरेच जण हे विसरतात. ज्याच्या घरी दोन वेळची चिंता नाही त्याचं श्रमदान आणि रोज बुडवून आलेल्याचं श्रमदान, दोन्हीचं वजन सारखं नसतं. मी एकालाही विचारलं नाही की तू का आला नाहीस. मेमध्ये चाकरमानी आले. त्यांनी पाखाडीवर उभं राहून भरपूर सल्ले दिले. त्यातल्या तिघांनी मात्र चपला काढून आठ दिवस घमेली वाहिली, तेही इथं सांगायला हवं.

चर नीट चालतात की नाही हे बघायचं होतं. एकानं सुचवलं की वरून पाच-सहा पिंपं पाणी ओतून बघू. वाडीतल्या बायकांनी त्याला असं काही सुनावलं की तो आठवडाभर वाडीत दिसला नाही. त्यांचं बरोबरच होतं. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या या मुलखात मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी रांग लागते. पाणी दगडातून खाली निघून जातं, खाडीला मिळतं आणि आम्ही टँकरची वाट पाहतो. तेव्हा परीक्षा पावसावरच सोडली.

२०२३ साली पाऊस उशिरा आला. मान्सून रत्नागिरीत ११ जूनला पोचल्याचं जाहीर झालं, पण खरा जोर धरायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. पहिल्या मोठ्या सरीत आम्ही सात जण छत्र्या, रेनकोट आणि एक जुनं इरलं घेऊन पाखाडीवर गेलो. मी आयुष्यात पावसावर खूप कविता लिहिल्या, पण पाऊस कुठं जातो हे तोवर इतकं निरखून पाहिलं नव्हतं. अकरापैकी आठ चर झकास चालत होते. लाल पाणी यायचं, दगडांच्या ओळीला आपटायचं आणि वळून रानात पडायचं. दोन चर काजूच्या पाल्यानं तुंबले होते. हातानं पाला काढला आणि पाणी भसकन सुटलं. राहिला पाचवा. त्याचं पाणी थेट खालच्या घराच्या खळ्यात उतरत होतं. घरातल्या काकू बाहेर येऊन जे बोलल्या ते रेडिओवर सांगता येणार नाही. त्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं, खाली जाऊन खळं पाहिलं, वर आली आणि भर पावसात चराचं तोंड तीन हात अलीकडे वळवलं. दुपारपर्यंत काकूंनी तिच्यासाठी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वर पाठवली होती.

मी इथं शिबिरांबद्दल थोडं बोलतो. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ पासून आहे. तिची सात दिवसांची शिबिरं होतात आणि त्यांतून घडलेली चांगली माणसं मला माहीत आहेत. पण शिबिर बहुधा हिवाळ्यात असतं. दगड बसतात, फोटो निघतो, निरोप समारंभ होतो. वाटेची गरज मात्र जूनमध्ये सुरू होते. तिला वर्षभर कुणीतरी लागतं, आणि तेही फारसं नाही, पावसाळ्यात आठवड्यातून अर्धा तास. आमच्या गावकीत पूर्वी 'घरटी एक माणूस' अशी पद्धत होती. शिमग्याआधी आणि गणपतीआधी प्रत्येक घरातून एक जण कोयता घेऊन वाट साफ करायला यायचा. न येणाऱ्याला गावकी जाब विचारायची. ती पद्धत आम्ही थोडी बदलून घेतली. अकरा चर, अकरा जणांना. प्रत्येकानं आपला चर आणि त्याच्या वरची पंधरा-वीस पावलं वाट बघायची. पाला काढायचा, हललेला दगड पहिल्याच दिवशी घट्ट करायचा. दगड हलायला लागला तेव्हाच बसवला तर एका माणसाचं काम, पडल्यावर उचलायचा तर चौघांचं.

ही योजना कागदावर फार छान दिसते. अडचण अशी की कोकणातला तरुण गावात राहत नाही. त्या अकरांपैकी पाच जण आता मुंबई-पुण्यात आहेत, एक दुबईत. पाचव्या चराची मुलगी नर्सिंगला गेली. गेल्या-आलेल्यांच्या जागी नवी नावं लिहायची, एवढं माझं नेतृत्व आता उरलं आहे. काही जागा भरतात, काही रिकाम्या राहतात. गेल्या पावसाळ्यात नवव्या चराला कुणीच नव्हतं. तिथली दोन पावलं वाट गेली, यंदा ती पुन्हा बांधायची आहे. उलट शाळेतली सातवी-आठवीची मुलं पावसाळ्यात पाखाडीनं यायला लागली आहेत, कारण वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. पुढचे चर त्यांच्याकडे जातील असं वाटतं. पण ती मोठी होऊन कुठं जातील ते आज कसं सांगू?

दुबईला गेलेला मुलगा म्हणजे खुर्ची डोक्यावर घेतलेल्या दोघांपैकी एक. त्याच्याकडे तिसरा चर होता. जाताना त्यानं तो आईच्या नावावर लिहून दिला, म्हणजे आमच्या वहीत. पाऊस जोराचा लागला की तो तिकडून व्हिडिओ कॉल करतो आणि म्हणतो, "आम्मा, चर दाखव." मग ती डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन पाखाडीवर जाते आणि फोन पाण्याकडे धरते. तो तिकडून सांगतो, डाव्या अंगाचा दगड थोडा आत घे, पाला वरच्या बाजूनं काढ. ती हो हो म्हणते आणि फोन बंद झाल्यावर आपल्या पद्धतीनंच करते. पाला खालून काढते. तात्यांचं मत आहे की तिचीच पद्धत बरोबर आहे.